मोल मोठं, की रिकामी जागा?

व्यावसायिक खेळात संघ बांधणाऱ्यांपुढे एक पेच कायम असतो. कॅनडातल्या आइस हॉकीत तो आहे, तसाच आपल्या कबड्डीच्या लिलावातही आहे. समोर दोन खेळाडू आहेत. एकाला बाजारात मोठं मोल आहे, दुसरा आपल्या संघातली रिकामी जागा नेमकी भरतो. हात कोणासाठी वर करायचा? रत्नागिरीतल्या दोन जाणत्या क्रीडाप्रेमींचं यावर मुळीच पटत नाही. एक मोलाचा पुरस्कर्ता, तर दुसरा त्या मोलाकडे संशयाने पाहणारा चिकित्सक.

पुरस्कर्ता : माझं मत सरळ आहे. ज्याचं मोल जास्त, त्याला घ्यावं. गरज आज असते, उद्या नसते. कोणाचा गुडघा दुखावतो, राखीव फळीतला एखादा पोरगा अचानक तयार होतो, नवा प्रशिक्षक येऊन सगळी रचना बदलतो. मग ज्या जागेसाठी आपण जीव टाकला, ती जागाच उरत नाही. मोलाचा खेळाडू मात्र उद्या दुसऱ्याला देऊन हवं ते घेता येतं. आइस हॉकीतलं उदाहरण बघा. २९ जून २०१६ रोजी एडमंटन ऑइलर्सने टेलर हॉल न्यू जर्सी डेव्हिल्सला दिला आणि त्याच्या बदल्यात एकटा अ‍ॅडम लार्सन घेतला. हॉल म्हणजे २०१० च्या नवोदितांच्या निवडीत सर्वांत पहिला उचललेला आक्रमक खेळाडू. लार्सन बचावपटू होता. चांगला होता, पण हॉलच्या तोलाचा कोणीच म्हणत नव्हतं. एडमंटनला उजव्या बाजूचा बचावपटू हवा होता, तो मिळाला. दोनच वर्षांनी, २०१८ मध्ये, हॉलने तिथल्या लीगच्या सर्वांत मोलाच्या खेळाडूला मिळणारी हार्ट ट्रॉफी जिंकली. गरजेपायी घाई केली की असं होतं.

चिकित्सक : तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. एडमंटनचा संघ २००६ नंतर एकदाही बाद फेरीत गेला नव्हता. दर वर्षी वरच्या क्रमांकाचे तरुण आक्रमक निवडत राहायचे आणि दर वर्षी तळाशी राहायचं, असा त्यांचा दशकभराचा क्रम होता. म्हणजे त्यांनी तुमचाच सल्ला पाळला होता. मोलाची माणसं गोळा केली होती आणि बचाव उघडा ठेवला होता. लार्सन आला आणि २०१७ मध्ये ते बाद फेरीत पोचले, पहिली मालिका जिंकून दुसऱ्या फेरीतही गेले. हॉल मोठा खेळाडू होता, यात शंका नाही. पण ज्या संघात तसे तिघे-चौघे आधीच आहेत, तिथे पाचव्याचं मोल काय, हा माझा प्रश्न आहे.

पुरस्कर्ता : त्याच मोसमात कॉनर मॅकडेव्हिड पहिल्यांदा पूर्ण वर्ष खेळला, हे विसरू नका. आदल्या वर्षी खांद्याजवळचं हाड मोडल्यामुळे तो जवळपास अर्धा मोसम बाहेर होता. २०१६-१७ मध्ये त्याने १०० गुण केले. श्रेय लार्सनला द्यायचं की मॅकडेव्हिडला?

चिकित्सक : दोघांनाही. पण बर्फावरून आपल्या मॅटवर येऊ, कारण कबड्डीत जागा उघड दिसते. सात माणसं असतात. डावा कोपरा, उजवा कोपरा, दोन मध्यरक्षक आणि चढाई करणारे. एक कोपरा कच्चा असला की समोरचा चढाईपटू तिथूनच बोनस आणि गडी घेऊन जातो. आता प्रो कबड्डीच्या दहाव्या मोसमाचा, म्हणजे ऑक्टोबर २०२३ चा लिलाव आठवा. प्रत्येक संघाला पाच कोटींची मर्यादा होती. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतवर २ कोटी ६०.५ लाख लावले, म्हणजे एकाच माणसावर निम्म्याहून जास्त. पवनने आपलं काम केलं, चढायांत दोनशेहून अधिक गुण मिळवले. तरी टायटन्सने २२ सामन्यांत फक्त दोन जिंकले आणि ते तळाला गेले. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांत घेतलं, त्याला डाव्या कोपऱ्यावर उभं केलं आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. एकाने मोल विकत घेतलं, दुसऱ्याने कोपरा भरला.

पुरस्कर्ता : हे उदाहरण तर माझ्या बाजूचं आहे! शादलू काही स्वस्तात मिळालेला जोडकाम करणारा गडी नव्हता. त्याआधी आठव्या मोसमात तो लीगमधला सर्वोत्तम बचावपटू होता आणि २ कोटी ३५ लाख ही तोवर परदेशी खेळाडूला मिळालेली सर्वांत मोठी रक्कम होती. शिवाय पलटणचा डावा कोपरा कच्चाही नव्हता. आदल्या वर्षी तिथे फझल अत्राचली होता आणि त्याच्यासह पलटण अंतिम फेरीत जाऊन जयपूरकडून २९-३३ अशी हरली होती. त्याला सोडून आणखी मोलाचा माणूस आणला, असं म्हणा. गरजेचा हिशेब केला असता, तर फझल आहेच की, म्हणून ते पैसे दुसरीकडे गेले असते.

चिकित्सक : बरं, मग शादलूचाच पुढचा प्रवास पाहू. अकराव्या मोसमाआधी पलटणने त्याला सोडलं. अंतिम सामन्यात त्याच्याकडून हरलेल्या हरियाणाने त्याला २ कोटी ७ लाखांत उचललं आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातच, बालेवाडीत, पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं नमवून हरियाणाने पहिलं विजेतेपद जिंकलं. पाटण्याचा कर्णधार होता आपल्या जिल्ह्यातला शुभम शिंदे, उजव्या कोपऱ्याचा गडी. बाराव्या मोसमात शादलू गुजरात जायंट्सकडे गेला, २ कोटी २३ लाखांत. गुजरात पहिल्या आठांतही नव्हता. माणूस तोच, रक्कम थोड्याफार फरकाने तीच. दोन ठिकाणी विजेतेपद आणि तिसऱ्या ठिकाणी काहीच नाही. मोल जर खेळाडूच्या अंगात असतं, तर ते गुजरातलाही त्याच्याबरोबर गेलं असतं.

पुरस्कर्ता : आणि त्याला सोडून पलटणचं काय झालं? अकराव्या मोसमात बाद फेरी हुकली. पण त्या वर्षी कर्णधार अस्लम इनामदार दुखापतीमुळे मधूनच बाहेर पडला. बाराव्या मोसमात शादलूशिवाय पलटण साखळीत अव्वल राहिली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ च्या अंतिम सामन्यात दिल्लीकडून २८-३१ अशी हरली. मग शादलूला सोडणं बरोबर होतं की चूक? अकराव्या मोसमाचा निकाल पाहिला तर चूक, बाराव्याचा पाहिला तर बरोबर. तीन गुणांनी विजेतेपद जातं किंवा येतं, अशा खेळात एका मोसमाच्या निकालावरून निर्णयाची परीक्षा घेता येत नाही. निर्णय घेण्याच्या दिवशी हातात काय असतं? गरजेचा अंदाज असतो आणि मोलाचा पुरावा असतो. अंदाजापेक्षा पुराव्यावर विसंबावं, इतकंच मी म्हणतो.

चिकित्सक : मोलाचा पुरावा म्हणजे नेमकं काय? लिलावातला आकडा? मग पालघरच्या शार्दूल ठाकूरचा आलेख बघा. २०१८ च्या आयपीएल लिलावात चेन्नईने त्याला २ कोटी ६० लाखांत घेतलं. २०२२ मध्ये दिल्लीने १० कोटी ७५ लाख दिले. २०२४ च्या मोसमासाठी चेन्नईने पुन्हा घेतलं ते ४ कोटींत. पुढच्या मोठ्या लिलावात त्याच्यावर कोणीच बोली लावली नाही. मग २०२५ मध्ये लखनौचा मोहसिन खान जायबंदी झाला, म्हणून त्याच्या जागी २ कोटींत शार्दूल आला आणि १० सामन्यांत त्याने १३ बळी घेतले. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबई इंडियन्सने त्याच २ कोटींत लखनौकडून त्याला मिळवलं. सात-आठ वर्षांत माणूस इतका वर गेला, शून्यावर आला, परत उठला? त्याची गोलंदाजी तेवढी नाही बदलली. बदलले ते समोर बसलेले संघ. कोणाकडे किती पैसे उरलेत आणि कोणाला त्याच क्षणी भारतीय अष्टपैलू हवा आहे, यावर आकडा ठरला. तुम्ही ज्याला मोल म्हणता, ती दुसऱ्यांच्या गरजांची बेरीज आहे. आपली गरज नाकारून दुसऱ्यांच्या गरजेवर विश्वास ठेवण्यात कसली वस्तुनिष्ठता?

पुरस्कर्ता : हा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. दुसऱ्यांच्या गरजेने भाव चढतो, तर आपण आपली गरज घेऊन बाजारात उभं राहणं हाच धोका. फेब्रुवारीत वाशीला पोचलेल्या हापूसच्या पहिल्या पेट्या जो भाव खातात, तो मे महिन्यात राहत नाही, आंबा तोच असला तरी. ज्या संघाची रिकामी जागा सगळ्यांना दिसते, तो नेहमी पहिल्या पेटीचा भाव देतो. म्हणून गरज नसतानाही मोलाचा माणूस स्वस्तात मिळत असेल, तर घेऊन ठेवावा. आणि गरज नाही म्हणून मोलाचा माणूस सोडू तर मुळीच नये. २०२० च्या आयपीएलआधी दिल्लीने ट्रेंट बोल्ट मुंबईला दिला. त्यांच्याकडे कगिसो रबाडा होता, नंतर अँरिक नॉर्किएही आला. परदेशी वेगवान गोलंदाजाची गरज भागलेली होती. त्या मोसमात बोल्टने मुंबईसाठी २५ बळी घेतले. १० नोव्हेंबरला दुबईत अंतिम सामना झाला तो दिल्लीशीच. पहिल्याच चेंडूवर बोल्टने मार्कस स्टॉयनिसला परत पाठवलं, एकूण तीन बळी घेतले आणि तोच सामनावीर ठरला. दिल्लीने गरज पाहून मोल सोडलं आणि ते मोल अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर उभं राहिलं.

चिकित्सक : त्याच सामन्यात मुंबईने आणखी काय केलं, तेही सांगा ना. त्या मोसमात १५ बळी घेतलेल्या राहुल चहरला त्यांनी बसवलं आणि जयंत यादवला खेळवलं. जयंतला त्या मोसमात सामने मिळालेच कुठे होते! पण दिल्लीच्या फलंदाजीत शिखर धवन, ऋषभ पंत, शिमरॉन हेटमायर, अक्षर पटेल असे डावखुरे ओळीने होते आणि त्यांच्यासमोर ऑफस्पिनर हवा होता. जयंतने धवनचा त्रिफळा उडवला. बाजारात विचाराल, तर चहरसमोर जयंतचं मोल कितीसं होतं? त्या संध्याकाळी मात्र चहरपेक्षा त्याची किंमत जास्त होती. आणि हा जयंतही मुंबईने आधी दिल्लीकडूनच घेतला होता.

पुरस्कर्ता : मग आपण दोघं मिळून एक नियम करू. मोठी रक्कम मोलावर लावावी, छोटी रक्कम गरजेवर. बोल्टसारखे तिघे-चौघे मोल पाहून घ्यावेत आणि जयंतसारखे पाच-सहा जण जागा पाहून.

चिकित्सक : कागदावर हा नियम सुरेख दिसतो. पण मोठ्या रकमेचा माणूस एकटा येत नाही, तो कोणाची तरी जागा घेतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने कॅमरून ग्रीनला १७ कोटी ५० लाखांत बंगळुरूला दिलं आणि गुजरातकडून हार्दिक पंड्याला १५ कोटींत आणलं. तुमच्या हिशेबाने उत्तम व्यवहार. त्याच्या नेतृत्वाखाली गुजरात दोन वर्षांत एकदा विजेता आणि एकदा उपविजेता झाला होता, आणि वर अडीच कोटीही सुटले. पण हार्दिक आला तो कर्णधार म्हणून. रोहित शर्माला बाजूला व्हावं लागलं, वानखेडेवर आपल्याच कर्णधाराची हुर्यो झाली आणि २०२४ मध्ये मुंबई १४ पैकी ४ सामने जिंकून दहाव्या, म्हणजे शेवटच्या स्थानी गेली. संघातल्या माणसांची आपापसातली घडी कुठल्याही मोलाच्या तक्त्यात बसत नाही.

पुरस्कर्ता : आणि २०२५ मध्ये त्याच कर्णधाराखाली तोच संघ दुसऱ्या क्वालिफायरपर्यंत गेला. एक वर्ष थांबायला हवं होतं, इतकंच. मोल लगेच फळ देत नाही. कॅनडाचंच दुसरं उदाहरण सांगतो. १९९२ मध्ये क्वेबेक नॉर्डिक्सने एरिक लिंड्रोस फिलाडेल्फियाला दिला. तो त्यांच्याकडे खेळायला तयारच नव्हता, म्हणजे क्वेबेकची बाजू पडती होती. तरी त्यांनी बदल्यात काय मिळवलं? पीटर फोर्सबर्ग, आणखी पाच खेळाडू, पहिल्या फेरीतले दोन निवडीचे हक्क आणि दीड कोटी डॉलर. त्यातल्या एका हक्कातून गोलरक्षक जोसेलिन तिबो आला आणि डिसेंबर १९९५ मध्ये त्याला पुढे देऊन पॅट्रिक रॉय मिळवला. १९९६ मध्ये रॉय आणि फोर्सबर्ग यांच्या जोरावर त्यांनी विजेतेपदाचा स्टॅन्ली कप जिंकला. गोलरक्षकाची जागा भरायचीच होती, पण ती शेवटी भरली. आधी मोल घेतलं आणि वेळ आल्यावर ते गरजेत मोडलं.

चिकित्सक : ‘त्यांनी’ म्हणजे कोणी? १९९५ च्या उन्हाळ्यात तो संघ क्वेबेक सोडून डेन्व्हरला गेला आणि कोलोरॅडो अव्हॅलांच झाला. ज्या प्रेक्षकांनी पडती वर्षं सोसली, लिंड्रोसचा नकार पचवला, फोर्सबर्गची वाट पाहिली, त्यांच्या गावात तो कप आलाच नाही. मोल साठवा, नंतर मोडा, हे मालकाला परवडतं, कारण संघ कुठेही गेला तरी मालकी त्याच्याबरोबर जाते. प्रेक्षकाचं तसं नसतं. आणि मोडायला बाजार उघडा लागतो. आइस हॉकीत मोसम चालू असताना, ठरलेल्या मुदतीपर्यंत अदलाबदल करता येते, म्हणूनच क्वेबेकहून आलेला तो संघ डिसेंबरात गोलरक्षक आणू शकला. आमच्या कबड्डीत लिलाव संपला की संपलं. डावा कोपरा कच्चा राहिला, तर अख्खा मोसम तसाच राहणार. जिथे बाजार वर्षातून एकदाच उघडतो, तिथे साठवलेलं मोल म्हणजे बंद कपाटातली रोकड.

पुरस्कर्ता : हा तुमचा आजचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे आणि त्यापुढे मी माझं म्हणणं आखडतं घेतो. बाजार जितका उघडा, तितकं मोलाचं पारडं जड. बाजार जितका बंद, तितकं गरजेचं. आयपीएल या दोन्हींच्या मध्ये आहे, मोसमाच्या आधी-नंतर तिथे अदलाबदलीला वाव असतो. पण मग आपल्या रत्नागिरी जेट्सचं काय म्हणाल? महाराष्ट्र प्रीमियर लीगच्या पहिल्याच वर्षी, २०२३ मध्ये, लिलावातला सर्वांत महाग खेळाडू नौशाद शेख ६ लाखांत कोल्हापूर टस्कर्सकडे गेला. केदार जाधवही तिथेच होता. अंतिम सामन्यात कोल्हापूरसमोर होती अझीम काझीची रत्नागिरी जेट्स. आणि विजेती ठरली रत्नागिरी.

चिकित्सक : तो अंतिम सामना गहुंजेत पावसाने धुतला आणि साखळीत वर असल्यामुळे रत्नागिरीला विजेतेपद मिळालं. त्यावर मी गरजेची इमारत बांधणार नाही, ते अप्रामाणिक ठरेल. पण साखळीत वर राहणं हे काही पावसाचं देणं नव्हतं, आणि २०२४ मध्ये नाशिकला हरवून जेट्सने विजेतेपद पुन्हा मिळवलं. रकमा छोट्या, सगळे खेळाडू राज्याच्याच क्रिकेटमधले, सगळ्यांना सगळ्यांची खेळी ठाऊक. अशा ठिकाणी भावात लपलेलं काही फारसं नसतं. जमतं ते अकरा जणांना योग्य क्रमाने उभं करणाऱ्याला.

पुरस्कर्ता : किंवा पोरं लवकर हेरणाऱ्याला. पलटणने अस्लम इनामदार आणि मोहित गोयत यांना कोवळ्या वयात आणलं, आठव्या मोसमात खेळवलं आणि टिकवून ठेवलं. त्या वेळी त्यांना ना मोल होतं, ना त्यांच्यावाचून कोणाचं अडत होतं. दोघांवर पैसा कमी लागला, म्हणून पुढे शादलूवर २ कोटी ३५ लाख टाकता आले. आपण दोघंही तयार खेळाडूंबद्दलच बोलत बसलो. मोल आणि गरज हा झगडा तयार माणसांपुरता आहे.

चिकित्सक : पण तयार होणाऱ्याच्याही पुढे तोच झगडा उभा राहतो. चिपळूण-खेडच्या मॅटवर आज अठरा-एकोणीस वर्षांचा जो पोरगा उतरतो, त्याला प्रशिक्षकाने काय सांगायचं? शुभम शिंदेसारखा उजवा कोपरा पक्का कर, अशी जागा प्रत्येक संघाला लागते, असं? की शादलूसारखा कोपराही धर आणि चढायाही शीक, म्हणजे कुठल्याही संघात बसशील, असं? पहिल्या वाटेत एका जागेवर हुकमत येते, पण त्या जागी दुसरा पक्का गडी असला की लिलावात नाव पुकारलं जाऊनही हात वर होत नाही. दुसऱ्या वाटेत दारं जास्त उघडतात, पण दोन्हीकडे अर्धवट राहण्याची भीती असते.

पुरस्कर्ता : मी म्हणेन, दोन्ही शीक. संघाला एका मोसमाची घाई असते, पोराकडे दहा वर्षं असतात. एक जागा भरून गेली, तर दुसरी त्याच्या हातात हवी.

चिकित्सक : आणि मी म्हणेन, आधी कोपरा. दहा वर्षं कोणाकडे असतात? कबड्डीत एक गुडघा गेला की दहाची दोन होतात, आणि पहिल्या लिलावात जो दिसला नाही, त्याला दुसरा लिलाव मिळेलच याची खात्री नाही. तुमचा सल्ला ज्याच्या पाठीशी नोकरी आहे, घर आहे, त्याला परवडेल. बाकीच्यांनी कुठल्या भरवशावर थांबायचं, ते सांगा.